हँगरच्या आत भाऊजी नाही

भाऊजी,

परवा सिहोऱ्याला तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव टाकला होता. भंतेजींनी वंदना घेतली, आणि मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. तुमचे शाळेतले मास्तर बोलले, गावातले दोन-चार जण बोलले, नागपूरहून विमानदुरुस्तीच्या हँगरची माणसं आली होती ती बोलली. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सगळे बोलतात तेच बोलले. शिस्तीचे होते, प्रामाणिक होते, आम्हा सगळ्यांचा आधार होते. बोलता बोलता मला स्वतःचाच राग येत होता. हार घालणाऱ्याने तुमचा फोटो जरा तिरका ठेवला होता, आणि सगळा वेळ माझं लक्ष तिकडेच. तुम्ही असता तर उठून तो सरळ केला असता आणि खाली बसता बसता म्हणाला असता, हं, आता चालू द्या.

खरं म्हणजे मला भाषण करायचंच नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि तुम्ही मधूनच उठून गेलात, हे मला मान्य नाही. एकच प्रश्न मी तुम्हाला इतकी वर्षं विचारत होते. माझं काम कसं आहे? तुमच्या हाताखाली मी शिकले, तुमच्या डोळ्यांसमोर विमानं उघडली आणि बंद केली, आणि माझं काम चांगलं आहे की बरं आहे की नुसतं चालण्यासारखं आहे, हे तुम्ही एकदाही तोंडातून काढलं नाहीत. आता काढणारही नाही. मांडवात हे कसं बोलणार? लोक म्हणाले असते, माणूस गेला आणि हिला स्वतःचं कौतुक सुचतंय.

तुमचं काम नेमकं काय, हे सिहोऱ्यात शेवटपर्यंत कोणाला नीट कळलं नाही. पानठेल्यावर तुम्ही दिसलात की कोणीतरी विचारायचं, काय साहेब, किती विमानं दुरुस्त केली? तुम्ही सांगायचात की मी दुरुस्त करत नाही, दुरुस्त करणारे बरोबर करून राहिले का नाही ते पाहतो. आणि तपासणारे खरंच तपासून राहिले का, तेही पाहतो. तुमचे चुलते, मोठे बाबा, एकदा हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, म्हणजे मुकादम. तुम्ही हसून हो म्हणालात. घरी आल्यावर माझ्या ललिताताईला म्हणालात की इतक्या वर्षांत माझं काम एका शब्दात कोणी सांगितलं नव्हतं.

मला या कामात तुम्हीच आणलंत. दिघोरीला आमच्या बाबांच्या मनात होतं की ताईसारखी मीही मास्तरीण व्हावी. त्या उन्हाळ्यात तुम्ही सासुरवाडीला आला होता आणि मी मागच्या अंगणात बोडीच्या तळ्यावरचा बंद पडलेला पंप उघडून बसले होते. तुम्ही खाट ओढून शेजारी बसलात आणि पाहत राहिलात. संध्याकाळी जेवताना बाबांना म्हणालात, "पोरीचा हात सिधा हाय. तिले मशीनवर जाऊ द्या." बस. माझ्या कामाबद्दल तुम्ही बोललेलं एवढं एकच वाक्य, आणि तेही मी विमान जवळून पाहायच्या आधीचं. पंपाबद्दलचं.

हँगरमधला पहिला दिवस आठवतो का? मी नवा गणवेश घालून, केस घट्ट बांधून दारात उभी होते. तुम्ही आलात, मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "या दाराच्या आत मी तुया भाऊजी नाही. सर म्हण, नाहीतर नावानं हाक मार." मी म्हटलं, नावानं हाक मारली तर आमची आई दिघोरीहून पायी चालत येईल मला मारायला. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, किती ऐट आहे माणसाला. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथे गेलं की मात्र तुम्ही परत भाऊजी व्हायचात, माझ्या चहाचे पैसे मला देऊ द्यायचा नाहीत आणि ताईच्या चुगल्या माझ्याकडून ऐकायचात. रस्ता ओलांडला की पुन्हा सर. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, ज्याचं नातं रस्त्याच्या एका बाजूला राहायचं.

ते कशासाठी, हे मला कळायला स्प्लिट पिनची गोष्ट घडावी लागली. नत्थूजी आंबागडचे, हँगरमधले सगळ्यांत जुने मेकॅनिक, केस पांढरे झालेले, सगळे त्यांना मान देणारे. त्यांनी शेपटीतल्या एका दांड्याचं काम केलं होतं. विमानाचं नाक वर-खाली करणारा जो शेपटीचा हलता पंख असतो, त्याला हलवणारा तो दांडा. तिथल्या नटातून एक वाकवलेल्या तारेची पिन घालायची असते, करंगळीएवढी. ती नसली तर नट लगेच निघत नाही, पण विमान थरथरत राहतं आणि नट थोडा थोडा सुटत जातो. म्हणून अशा जागी एकाने काम केलं की दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वेगळी सही करायची, हा नियम जगभर आहे. त्या दिवशी दुसरी सही रोशनची होती. रोशन नत्थूजींचा जावई.

दोघांच्या सह्या झालेल्या, झाकण बंद झालेलं, आणि तुम्ही तुमच्या सवयीने मनाला येईल ते एक झाकण पुन्हा उघडायला लावलंत. नट होता, पिन नव्हती. मी तिथेच शिडीशी उभी होते. तुम्ही ओरडाल असं मला वाटलं, पण तुम्ही खाली उतरून हात पुसलेत आणि दोघांना बोलावून घेतलंत. रोशनला विचारलंत की टॉर्च मारून पाहिलं होतं का. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मामाजींनी केलं होतं ना सर. त्यायच्या कामात मी कसा पाहू?"

नत्थूजींचा चेहरा मी विसरणार नाही. पिन आपण विसरलो याची लाज होतीच, पण त्याहून काहीतरी जास्त होतं. ते जावयाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मी चुकलो तं चुकलो बाबू. पण तू पाहाले पाह्यजे होतं. लोकं बसतात त्यात." रोशनच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही दोघांनाही चहा प्यायला पाठवलंत. आणि पिन घालून घेतल्यावर स्वतः तिथे टॉर्च धरून उभे राहिलात, तुमच्या विभागातल्या थॉमस सरांनी तपासून सही करेपर्यंत.

नंतर वरून साहेब आले आणि दोघांनाही घरी बसवा म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात. तुमचं म्हणणं असं की ही दोन माणसं काढली तर उद्या दुसरा सासरा आणि दुसरा जावई याच जागी उभे असतील. कारण काय लिहायचं, असं साहेबांनी विचारलं. निष्काळजीपणा लिहा, थकवा लिहा, प्रशिक्षण कमी पडलं लिहा, असले शब्द तयारच असतात. तुम्ही लिहिलंत, वडीलधाऱ्यांचा मान. साहेब हसले. म्हणाले की मान हे काही चूक होण्याचं कारण असू शकत नाही. तुम्ही म्हणालात की आमच्याकडे तेच सगळ्यांत मोठं कारण आहे, हे चांगलं माणूसपण आहे आणि विमानाला ते चालत नाही. त्या वाक्यावरून तुमची त्यांच्याशी बरीच खडाजंगी झाली, आणि शेवटी अहवाल तुमच्याच शब्दांत गेला.

मग तुम्ही कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून कोण कोणाचा काय लागतो ते विचारायला सुरुवात केलीत. काय हसलो आम्ही त्या दिवशी! साकोलीचा विनोद तुमसरच्या दिलीपचा साडभाऊ निघाला. एकाच्या लग्नात दुसऱ्याने पंगतीत वरण वाढलं होतं. तीन जण एकाच मामाचे भाचे होते आणि त्यांनाच ते माहीत नव्हतं. आपल्याकडे नोकरी लागली की माणूस गावातल्या दुसऱ्याला ओढतो, तो आपल्या मेहुण्याला ओढतो, आणि हँगरचा लग्नाचा मांडव होतो. ज्यांचं कोणीच कोणी लागत नव्हतं असे एकटे थॉमस सर होते, केरळचे. ते बिचारे पुढे सगळ्यांच्या तपासण्यांना पुरे पडता पडता थकून गेले.

त्यातून तुम्ही नियम केलात. नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाचं काम तपासायचं नाही. आणि दुसरा एक नियम केलात, जो मला अजून फार आवडतो. तपासणी होताना टॉर्च तपासणाऱ्याने धरायचा नाही. ज्याने काम केलं त्याने धरायचा. म्हणजे म्हाताऱ्या माणसाने स्वतः उजेड दाखवून तरण्याला म्हणायचं, ये, पाहा. एकदा वडीलधाऱ्याने बोलावलं की पाहणं हा अपमान राहत नाही, आज्ञा पाळणं होतं. हे तुम्हालाच सुचू शकतं. पुढच्याच दांड्याला नत्थूजींनी टॉर्च धरला आणि थॉमस सर उशिरा येत होते म्हणून हाक मारली, या ना सर, हात दुखून राहिला माहा. सगळे हसले, तेही हसले. त्या दिवसापासून त्यांच्या कामात कोणी हात घालायला घाबरलं नाही.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूची होते, भाऊजी. सगळ्यांना सांगत फिरायची की नियम किती बरोबर आहे. दुसऱ्यांना लागू होता तोवर फारच बरोबर होता.

मग माझी वेळ आली. विमानाचं सगळं काम झाल्यावर शेवटची सही करून ते प्रवाशांसाठी सोडायचं, याचा अधिकार मला हवा होता. त्यासाठी परवान्याच्या परीक्षा मी दिल्या होत्या, पण आपल्या हँगरचा शिक्का देणं तुमच्या विभागाच्या हातात होतं. आधी काम पाहणार, तोंडी परीक्षा घेणार आणि मग देणार. तुम्ही माझा कागद हातातही घेतला नाहीत. थॉमस सरांकडे दिलात आणि परीक्षेच्या दिवशी त्या मजल्यावरसुद्धा थांबला नाहीत. थॉमस सरांनी मला नापास केलं. नट किती जोर लावून आवळायचा ते त्यांनी विचारलं, मी आकडा धाडकन सांगितला. आकडा बरोबर होता. ते म्हणाले, पुस्तक उघडून सांगायला हवं होतं. पाठ आहे म्हणून सांगणाऱ्याला मी शिक्का देत नाही.

त्या रविवारी सिहोऱ्याला जे झालं ते आठवून अजून माझे कान गरम होतात. मी तुमच्या पुढ्यात उभी राहून विचारलं की तुम्ही त्यांना एक शब्द सांगू शकत होता की नाही. ही पोरगी चांगलं काम करते, एवढा एक शब्द. ताई माझ्या बाजूने होती. तुमच्या ताटात भात वाढताना तिने पळीचा जो आवाज केला, तो शेजारच्या घरात गेला असेल. तुम्ही जेवत राहिलात. मग म्हणालात, "माह्या सांगण्याले तिथं काही किंमत नाही सुनी. मी तुया भाऊजी आहो." मी म्हटलं, तिथे तुम्ही भाऊजी नाही म्हणता, आणि सांगायची वेळ आली की भाऊजी आहात. तुमच्या सोयीने नातं येतं आणि जातं. त्यावर तुम्ही भात कालवायला लागलात. मला आजही वाटतं की त्या एका मुद्द्यावर मी जिंकले होते.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले, पुस्तक उघडून. शिक्का तुम्ही कारकुनाच्या हाती पाठवलात. मी तो मुठीत घेऊन तुमच्या खोलीच्या काचेसमोरून दोनदा गेले. तुम्ही मान वर केली नाहीत.

नंतर तो प्रश्न आपल्यातला खेळ झाला. टपरीवर चहा आला की मी विचारायची, सांगा ना, मी कसं काम करते? तुम्ही घोट घेऊन म्हणायचात, साखर कमी आहे. कधी म्हणायचात, पाऊस येईल असं वाटते. मी चिडायची, तुम्ही गालात हसायचात. पण खेळ तुमच्यासाठी होता, भाऊजी. माझ्यासाठी नव्हता. हँगरमध्ये बाई म्हणून मला लोक दोन प्रकारे वागवायचे. काही जण उगाच कौतुक करायचे, काही जण उगाच शंका घ्यायचे. दोन्हींचा मला सारखाच वीट यायचा. ज्याचं मत मी खरं धरलं असतं असा एकच माणूस होता आणि तो साखरेबद्दल बोलत होता.

तुम्ही मला दिलं नाही असं मात्र मी कधी म्हणणार नाही. "मला माहीत नाही, पाहून सांगते" हे न लाजता म्हणायला तुम्ही शिकवलंत. स्वतःच्या चुकीची चिठ्ठी स्वतः आणून देणाऱ्याला तुम्ही उभं राहून खुर्ची द्यायचात, त्यामुळे माणसं तुमच्याकडे यायला भ्यायची नाहीत. हँगरमध्ये हरवलेला एक पाना सापडेपर्यंत तुम्ही विमान जागचं हलू दिलं नाहीत, वरून फोनवर फोन येत असताना. मी तुमच्या शेजारी गुडघ्यांवर बसून तो पाना शोधत होते आणि मनात म्हणत होते की या माणसाच्या हाताखाली आहे ते बरं आहे. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हणजे बघा, न सांगण्यात मीही काही कमी नाही.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं आणि आम्हा सगळ्यांचं बोलणं एकदम हळू झालं. तुम्ही रजा टाकून सिहोऱ्याला आलात. पुण्याहून तुमची लेक प्रज्ञा शिक्षण मध्येच सोडून यायला निघाली होती, तिला तुम्ही येऊ दिलं नाहीत. मी दर रविवारी यायची. उशिरा पिकणारं भारी धान अजून शेतातल्या बांध्यांत उभं होतं, खाट बाहेर काढलेली असायची, आणि तुम्ही पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, हँगरचा विचारायचात. कोणतं विमान आलं आहे, कोणाकडे आहे, मागचं सुटलं का, कोणी सोडलं. मी सगळं सांगायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. दुखणं वाढलं की बोट वर करायचात, मी थांबायची, मग पुन्हा बोट खाली.

एका रविवारी मी पुन्हा विचारलं. खेळ म्हणून नाही. तुमचे हात काटक्या झाले होते आणि मला कळत होतं की आता फार वेळा विचारता येणार नाही. मी म्हटलं, भाऊजी, आता तुम्ही हँगरमध्ये नाही, आता तरी सांगा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता सांगणार. आणि तुम्ही म्हणालात, "अजून रजेवर आहो ना मी. राजीनामा कुठं दिला?"

मी हसले. तुमच्यासमोर हसले, आणि विहिरीकडे जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने रडले. माणूस मरणाच्या दारात आहे आणि नियम सोडत नाही, याचा मला इतका संताप आला की तुमच्यावर चिडायचं की तुमच्या पाया पडायचं तेच कळेना. मला अजूनही पटलेलं नाही. नियम माणसांसाठी असतात, भाऊजी. जाताना एखाद्याला एक शब्द देऊन गेल्याने कोणतंही विमान पडलं नसतं. तुम्ही गेलात आणि हा वाद माझ्या एकटीच्या अंगावर राहिला. मांडवात उभी होते तेव्हा हेच सगळं बोलायचं होतं.

लोक गेल्यावर मी आणि ताई आत तांदळाच्या रिकाम्या गोण्या घडी करत बसलो होतो. मांडववाला सतरंज्या गुंडाळत होता. ताई परवापर्यंत फारशी बोलली नव्हती, तेव्हा बोलायला लागली. असंच, इकडचं तिकडचं. आजारपणातलं. मग मुंबईच्या दवाखान्यात दाखवायला तुम्हाला विमानाने नेलं होतं त्याचं निघालं. मी तेव्हा कामावर होते, तुम्हाला पोहोचवायला येता आलं नव्हतं. ताई म्हणाली की तो एक दिवस बरा गेला. मी विचारलं, बरा म्हणजे?

"झोपले ना ते," ती म्हणाली. "घरी किती दिवसांपासून डोळ्याले डोळा नव्हता. आन एरवी तं विमानात कधीच झोपत नाहीत तुये भाऊजी. दिल्लीले गेलो होतो तवा सारा वेळ कान लावून बसले होते, हा आवाज कायचा, तो आवाज कायचा. त्या दिवशी चढाच्या आधी चाकाच्या खुर्चीवर बसून काचेतून पाहत होते. पुढच्या चाकाच्या झाकणावर विमानाच्या वळखीची अक्षरं असतात म्हणे. थे वाचली आन मले म्हणले, ललिता, हे आपल्या सुनीनं सोडलेलं विमान हाय."

माझ्या हातातली गोणी तशीच राहिली. कोणती अक्षरं, असं मी विचारलं. ताईला आठवत नव्हती, पण दिवस आठवत होता, आणि दिवसावरून मला कळलं. ते विमान माझंच होतं. शेपटीपासून नाकापर्यंत महिनाभर उघडून ठेवलेलं, आणि शेवटची सही माझी.

मग काय झालं, मी म्हटलं. ताई म्हणाली, मग काय होणार, बसले, पट्टा बांधला आणि झोपले. विमान जागचं हललंसुद्धा नव्हतं. तिने घाबरून विमानातल्या मुलीला बोलावलं होतं, तर ती मुलगी म्हणाली, काही नाही, गाढ झोपलेत, झोपू द्या.

तुम्हीच शिकवलंत की एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरं कारण असू शकतं का ते आधी पाहायचं. म्हणून मी पाहिलं. मी ताईला विचारलं, झोपेची गोळी दिली होती का? दुखण्याची? ताई म्हणाली की नाही, डॉक्टरांनी मुद्दाम उपाशीपोटी, गोळीशिवाय आणा म्हणून सांगितलं होतं. उतरल्यावर द्यायची होती. मी म्हटलं, डोळे नुसते मिटले असतील. ताईने माझ्याकडे पाहिलं, हिला झालंय काय अशा नजरेने.

"घोरत होते वो," ती म्हणाली. "मुंबई आली तवा हलवून उठवा लागलं."

मी रडले, भाऊजी. तुम्हाला शेवटचं नेलं त्या दिवशी माझे डोळे कोरडे होते, मांडवात कोरडे होते, आणि तांदळाच्या गोण्यांवर बसून मी इतकी रडले की मांडववाला सतरंजी टाकून दारात येऊन उभा राहिला. ताईने मला जवळ घेतलं, तिला वाटलं मी तुमच्या आजारपणाच्या आठवणीने रडते आहे. तिला काय सांगू? तोंडातून तुम्ही एक शब्द काढला नाहीत, रजेवर असतानासुद्धा. दुखरं पोट घेऊन, गोळीशिवाय, माझ्या सहीवर जाऊन बसलात आणि घोरलात.